पाहुण्याने आपला चहा आपणच घुसळावा का?

जपानला जाऊन आलेली चार मराठी माणसे एकत्र जमली की बुलेट ट्रेनचे वर्णन आटोपल्यावर विषय चहावर येतो आणि तिथे तट पडतात. एक गट म्हणतो की क्योटोत पर्यटकांना पाऊण तासात जो चहासोहळा घडवतात ते निव्वळ नाटक आहे; खरा चानोयू, म्हणजे जपानी चहासोहळा, बंद दारांआड होतो आणि तो परक्यांसाठी नाहीच. दुसरा गट म्हणतो, किमोनो नेसलो, माचा म्हणजे चहाची हिरवी पूड पाण्यात घुसळली, फोटो काढले, पैसे वसूल झाले. परंपरा परंपरा म्हणून उगाच डोक्यावर घेऊन नाचण्यात काय अर्थ आहे? जपानमध्येही हा वाद आहे आणि तिथेही तो बहुधा याच दोन तोंडांनी बोलतो. २०२४ या एका वर्षात ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी माणसे त्या देशात उतरली, तेव्हा वाद होणार यात नवल नाही. नवल वाटते ते दोन्ही गटांच्या एकमताचे. सोहळा ही दाखवण्याची वस्तू आहे, हे दोघांनाही मान्य असते. ती कोणाला दाखवायची आणि किती दाखवायची, एवढ्यावरच त्यांचे भांडण असते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. जपानी चहा परदेशी माणसाला जरूर द्यावा. वेळ कमी असेल तर थोडक्यात द्यावा, खाली बसता येत नसेल तर खुर्चीवर बसवून द्यावा, भाषा येत नसेल तर खुणांनी द्यावा. मात्र तो द्यावा, म्हणजे यजमानाने करावा आणि पाहुण्याने घ्यावा. पर्यटकांसाठीच्या पुष्कळ सत्रांत आज याच्या नेमके उलट घडते. प्रत्येकापुढे एक वाडगा, बांबूची रवी आणि थोडी हिरवी पूड ठेवतात, वरून गरम पाणी ओततात आणि म्हणतात, आता घुसळा. वरवर पाहता यापेक्षा उदार दुसरे काय असणार? परक्याच्या हाती थेट साधनेच दिली! पण घरी आलेल्या माणसाला ओट्याशी नेऊन 'हे पातेले, हा साखरेचा डबा, करून घ्या' असे कोणी म्हटले, तर त्याला आपण पाहुणचार म्हणू का? पुणेकरांच्या नावावर 'चहा घेऊनच आला असाल' हा विनोद खपतो. 'करून घ्या' इथवर मात्र पुणेकरही गेलेला नाही.

हा नुसता शिष्टाचाराचा मुद्दा वाटू नये म्हणून एक बारकावा सांगतो. चहाच्या वाडग्याला एक दर्शनी बाजू असते. कधी ती नक्षीमुळे ठरते, कधी लुकणाच्या, म्हणजे मातीवरच्या चकचकीत लेपाच्या, एखाद्या ओघळामुळे. चहा तयार झाला की यजमान वाडगा फिरवून ती बाजू पाहुण्याकडे करतो, कारण उत्तम ते पाहुण्याचे. पाहुणा वाडगा डाव्या तळहातावर घेतो, शेजाऱ्याकडे किंचित झुकून 'ओसाकी नी', म्हणजे आपल्या आधी घेतो, असे म्हणतो, आणि वाडगा थोडा थोडा दोनदा फिरवून ती बाजू ओठांपासून दूर नेतो. जे उत्तम आहे त्याला ओठ लावण्याइतके आपण मोठे नाही, हा त्यातला भाव. चहा संपल्यावर वाडगा उलटा फिरतो आणि परत करताना दर्शनी बाजू यजमानाकडे होते. दोन माणसांमधले हे न बोलता झालेले बोलणे आहे. मग स्वतःच घुसळलेल्या चहाचा वाडगा कोणी कोणाकडे फिरवायचा? मी ज्या सत्रात पहिल्यांदा बसलो तिथे मार्गदर्शिकेने सांगितले, 'दोनदा फिरवा', आणि आम्ही चौदा जणांनी मुकाट्याने दोनदा फिरवले. कशासाठी, ते तिला सांगताही आले नसते, कारण त्या उत्तराला लागणारा दुसरा माणूसच खोलीत नव्हता.

आता पहिल्या, सोवळ्या गटाचे म्हणणे नीट ऐकून घेऊ, कारण त्यात तथ्य पुष्कळ आहे. पूर्ण सोहळा, ज्याला चाजी म्हणतात, तो सुमारे चार तास चालतो. कोळसे रचून विस्तव फुलवणे, बेताचे पण ऋतूनुसार जमवलेले जेवण, मध्ये बागेत जाऊन विसावा, मग एकाच वाडग्यातून सर्वांनी आळीपाळीने घ्यायचा दाट चहा आणि शेवटी प्रत्येकाला वेगळ्या वाडग्यात पातळ चहा, असा त्याचा क्रम असतो. रेशमी रुमालाची घडी कशी मोडायची आणि बांबूची पळी किटलीवर कशी टेकवायची, एवढे अंगवळणी पडायलाही महिने जातात. तातामीवर, म्हणजे तिथल्या जाड गवती चटईवर, पाऊल कोणते आधी टाकायचे, इथपासून शिक्षण सुरू होते आणि पन्नास वर्षे शिकलेल्या बाईही आपण शिकत आहोत असेच सांगतात. शिवाय मुख्य पाहुण्यालाही जाणकारी लागते. भिंतीवरच्या गुंडाळीतले अक्षर कोणाचे, फूल कोणते, हे त्याने योग्य वेळी विचारावे लागते. अशा गोष्टीचा पाऊण तासात काय परिचय होणार?

हे सगळे मान्य करूनही त्यातून निष्कर्ष काय निघतो? एवढाच, की यजमान होणे अवघड आहे. पाहुणा होणे तितके अवघड असल्याचे त्यातून सिद्ध होत नाही. नवख्या पाहुण्याला पहिल्या किंवा शेवटच्या जागी बसवू नये, मध्ये बसवावे, म्हणजे तो शेजाऱ्याचे पाहून करील, अशी तिथली रीतच आहे. जी परंपरा अडाण्यासाठी जागा राखून ठेवते तिला अडाण्यांचे वावडे कसे असेल? कीर्तनाला बसणाऱ्याला राग ओळखता यावे लागत नाहीत. बुवांना मात्र गाता यावे लागते. सोवळ्या गटाची गफलत अशी की तो बुवांची परीक्षा श्रोत्यांकडून घेतो.

आणि परका नकोच, हे तर इतिहासालाच धरून नाही. १५८७ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने क्योटोच्या कितानो देवस्थानाच्या आवारात चहाचा प्रचंड मेळावा भरवला. त्याच्या जाहीरनाम्यात म्हटले होते की चहाची आवड असलेला कोणीही यावे, मग तो चाकर असो, नगरवासी असो की शेतकरी. एक किटली, एक पाण्याचे भांडे आणि एक वाडगा आणावा, चहा नसेल तर भाजलेल्या धान्याचे पीठ चालेल. आणि जपानमधल्यांचे तर सोडाच, परमुलखातल्या माणसांनीही यावे. हे आमंत्रण निरागस होते असे मी म्हणणार नाही. जो येणार नाही त्याने यापुढे पिठाचे पाणीसुद्धा करू नये, अशी तंबी त्याच जाहीरनाम्यात होती, दहा दिवसांचा बेत एका दिवसात गुंडाळला गेला, आणि पाचच वर्षांनी हिदेयोशीचे सैन्य कोरियात घुसले. पण त्या मेळाव्यात ज्याने स्वतः चहा केला तो सेन नो रिक्यू हाच पुढे या परंपरेचा आद्य गुरू मानला गेला. तो साकाई बंदरातल्या व्यापारी कुटुंबातला. त्याने चहाची खोली दोन तातामींइतकी आक्रसली आणि तिला जेमतेम दोन फूट उंच-रुंद दार रूढ केले, ज्यातून सरदारालाही कमरेची लांब तलवार बाहेर ठेवून गुडघ्यांवर सरपटत आत यावे लागे. ही सक्ती परक्याला बाहेर ठेवण्यासाठी नव्हती. आत येणाऱ्याने आपला रुबाब बाहेर ठेवावा, यासाठी ती होती.

त्याच सुमारास या खोलीत युरोपीय माणसे बसू लागली होती आणि त्यांचा मार्ग आपल्या ओळखीच्या बंदरावरून जात होता. पूर्वेकडच्या जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मप्रसारकांच्या, मोहिमांचे मुख्य ठाणे गोव्यात होते. तिथून जपानला गेलेला निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो याला एका सरदाराने चहाची पूड ठेवण्याची मातीची बुटकुली दाखवली आणि तिच्यासाठी मोजलेली हजारो रौप्य नाण्यांची किंमत सांगितली. वालिन्यानोने लिहून ठेवले की आपल्याकडे ही वस्तू पिंजऱ्यातल्या पाखराला पाणी ठेवण्यापलीकडे कशाच्या उपयोगाची नाही. पण याच माणसाने जपानमधल्या आपल्या लोकांसाठी नियम केला की प्रत्येक मठात चहाची स्वच्छ जागा आणि ते काम जाणणारा माणूस असावा, म्हणजे येणाऱ्याचे आदरातिथ्य त्याच्या रीतीने होईल. जुआंव रोद्रिगेश हा पोर्तुगीज पोरवयात जपानला पोहोचला, तीसहून अधिक वर्षे राहिला आणि चहावर त्याने जे लिहिले ते अभ्यासक आजही वाचतात. धर्मप्रसाराचा हेतू उघड होता, तो लपवायचे कारण नाही. तरी पाहुणा म्हणून त्यांनी कष्ट घेतले, ही गोष्ट उरते; आणि परका असणे आणि कष्ट न घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सोवळा गट विसरतो.

शुद्धतेचा दावा सामग्रीच्या पातळीवरही टिकत नाही. पूड पाण्यात घुसळून पिण्याची पद्धत सोंग राजवटीतल्या चीनची. ११९१ मध्ये चीनहून परतलेल्या एइसाई या झेन भिक्षूशी जपानमधल्या चहाचा नवा आरंभ जोडला जातो. चीनमध्ये ती पद्धत पुढे मागे पडली, जपानने ती जपली. क्योटोच्या दाइतोकुजी मठातल्या एका उपमठात जो 'किझाएमोन इदो' नावाचा वाडगा राष्ट्रीय ठेवा म्हणून सांभाळला आहे तो कोरियन आहे, आणि साध्या रोजच्या वापरासाठी घडवलेल्यांपैकी तो असावा असे मानले जाते. हागीसारख्या गावांची मृत्पात्रे चहावाले आज मोठ्या प्रेमाने वापरतात. तिथली भट्टी पेटवणारे कुंभार हिदेयोशीच्या त्याच युद्धातून जपानमध्ये आणलेले कोरियन होते. म्हणजे परक्यांचे जे ऋण आहे त्यातला काही भाग तर जबरदस्तीने घेतलेला आहे. अशा परंपरेने आता दार लावून घेण्यात शुद्धता कसली?

इथे दुसऱ्या गटाला चेव येईल. 'बघा, सगळे उसने आणि सगळे बदलते. मग आम्ही काय वेगळे करतो?' त्यांना मी १८७२ मध्ये नेऊ इच्छितो. राजधानी टोकियोला गेली होती, क्योटो ओस पडू लागले होते आणि आदल्याच वर्षी सरदारांच्या जहागिऱ्या खालसा झाल्याने चहाच्या घराण्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आश्रय तुटला होता. शहर सावरण्यासाठी प्रदर्शन भरवले गेले आणि एरवी क्योटोत मज्जाव असलेल्या परदेशीयांना त्यासाठी खास परवानगी मिळाली. टाचांवर बसण्याची जी बैठक, आपले वज्रासनच म्हणा, ती या पाहुण्यांना झेपणार नव्हती. तेव्हा चहाच्या उरासेंके घराण्याचे अकरावे प्रमुख गेंगेन्साई यांनी मेज आणि बैठे स्टूल वापरून चहा करण्याची नवी पद्धत बसवली. तिला र्‍यूरेई म्हणतात. तातामीवर न बसता चहा ही त्या काळी केवढी उलथापालथ असेल याची कल्पना करावी. आज ती पद्धत इतकी मुरली आहे की गुडघे गेलेल्या जपानी आजीबाईही तिच्यावर हक्काने बसतात. परक्यासाठी केलेली सोय घरच्यांच्या कामी आली.

पण याच वर्षी याच माणसाने आणखी एक गोष्ट केली आणि ती सांगितल्याशिवाय पहिलीचा अर्थ लागत नाही. नव्या सरकारने चहाच्या गुरूंना करमणुकीवर पोट भरणाऱ्या कलावंतांच्या यादीत घातले होते. गेंगेन्साईंनी त्याविरुद्ध लेखी निवेदन दिले: चहा ही करमणूक नाही, माणसामाणसांतल्या कर्तव्यांची आणि वागणुकीची ती शिस्त आहे. या दोन कृती शेजारी ठेवून पाहाव्यात. परदेशी माणसासाठी खुर्ची मांडायला तयार असलेला हा गुरू करमणूक करणारा म्हणवून घ्यायला मात्र तयार नव्हता. त्यांनी बैठकीची उंची बदलली. किटली पाहुण्यांसमोर राहिली, भांडी पुसण्याचा क्रम राहिला, चहा करणारा यजमानच राहिला. त्याआधी अठराव्या शतकातही शिष्यांची गर्दी वाढली तेव्हा रिक्यूच्या वंशातल्या सेन घराण्यांनी अनेकांना एकत्र सराव करता यावा म्हणून सात नवे प्रकार बसवले होते. आणि १८६८ नंतरच्या मेइजी काळात मुलींच्या शाळांत चहा आला, तेव्हा मुख्यतः पुरुषांचा असलेला हा व्यवहार हळूहळू बायकांनी तगवला. हे सगळे बदल यजमान कोण होऊ शकतो आणि पाहुण्याने कसे बसावे, याबद्दलचे होते. यजमानच नको, असा बदल त्यांत एकही नाही.

पैशाचा आक्षेप मला फारसा वजनदार वाटत नाही. एका बुटकुलीसाठी हजारो नाणी मोजणाऱ्यांच्या, आणि शिक्षणाच्या प्रत्येक पायरीवर परवानापत्राचे शुल्क घेणाऱ्या घराण्यांच्या परंपरेत पैसा बाटवतो असे म्हणणे धाडसाचे आहे. मोठ्या चहामेळाव्यांची तिकिटे जपानी लोकही काढतातच. गर्दीचा आक्षेप मात्र खरा आहे. क्योटोच्या गिओन या जुन्या भागातल्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी करावी लागली तेही २०२४ मध्येच, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात क्योटोच्या नामांकित चहाविक्रेत्यांना माचाच्या विक्रीवर मर्यादा घालावी लागली. सरावाला लागणारी पूड मिळेना, तेव्हा शिकणाऱ्यांनी चिडावे हे साहजिकच आहे. पण पातळ चहाच्या एका वाडग्याला लागते सुमारे दोन ग्रॅम पूड. दहा पाहुण्यांचे सत्र वीस ग्रॅममध्ये होते. टंचाईचा राग काढायचाच तर तो जगभरच्या माचा घातलेल्या 'लाते' या दुधाच्या पेयावर आणि आइस्क्रीमवर काढावा. तातामीवर बसलेला परदेशी माणूस निदान त्या पुडीचे नाव विचारतो.

परक्याने दुसऱ्याची संस्कृती अंगावर चढवणे हाच मुळात अपराध आहे, असेही एक मत अलीकडे ऐकू येते. २०१५ मध्ये बॉस्टनच्या कलासंग्रहालयात प्रेक्षकांना किमोनो घालून पाहू देण्याच्या उपक्रमाविरुद्ध निदर्शने झाली, तेव्हा किमोनो घातलेल्या जपानी बायका त्या निदर्शनांच्याच विरोधात उभ्या राहिल्या. हा सगळा वाद सोडवण्याचे काम माझे नाही. मला त्यातून एवढेच दिसते की ज्यांची वस्तू आहे त्यांना ती देण्याचा हक्क असतो, आणि तो हक्क परस्पर काढून घेणाराही त्यांच्यावर उपकार करत नाही. उरासेंकेने १९७० पासून परदेशी विद्यार्थ्यांसाठी क्योटोत स्वतंत्र अभ्यासक्रम चालवला, तो कोणी त्यांच्यावर लादला नव्हता.

राहता राहिला माझ्याच म्हणण्यावरचा आक्षेप. हाताने केल्याशिवाय कळत नाही. पंधरा जणांना एकाने चहा करून द्यायचा तर तास जाईल. आणि खुद्द जपानी मेळाव्यांतही पहिल्या दोन-तीन पाहुण्यांचा चहा समोर होतो, बाकीच्यांचे वाडगे मागच्या कोठीतून भरून येतात. शेवटचे तर अगदी बरोबर आहे, आणि तेच माझ्या बाजूने बोलते. कोठीतून आलेला वाडगाही कोणीतरी तुमच्यासाठी केलेला असतो, कोणीतरी तो गुडघ्यांवर बसून तुमच्यापुढे फिरवून ठेवतो. गर्दीवरचा हा उपाय परंपरेत तयार असताना पाहुण्याला रवी देऊन मोकळे का व्हावे? हाताने करण्याची हौस असेल तर तो चहा शेजाऱ्यासाठी करायला लावावा. तेवढ्याने खोलीत यजमान निर्माण होतो.

दुसऱ्यांदा मी बसलो ते एका वयस्क बाईंच्या घरी. आम्ही चौघे होतो आणि आमच्यात सांगलीचे एक निवृत्त अभियंते होते, ज्यांचे दोन्ही गुडघे शस्त्रक्रियेचे. बाईंनी न विचारता त्यांच्यापुढे एक बुटके स्टूल सरकवले. कोळशाऐवजी विजेची शेगडी होती, चाळीस मिनिटांत सगळे आटोपले, चार तासांतला बहुतेक क्रम गाळलेला होता. पण किटली समोर होती आणि तिचा सुरू झालेला बारीक आवाज ऐकत आम्ही गप्प बसलो. आधीच स्वच्छ असलेली चमची बाईंनी आमच्यादेखत पुन्हा पुसली. गोड वडी खाऊन झाल्यावर पहिला वाडगा या अभियंता काकांपुढे आला, दर्शनी बाजूला फिकट निळ्या रंगात पाण्याची एक लाट. तो हातात घेऊन काका अडखळले. शेजाऱ्याला म्हणायचे ते दोन शब्द त्यांना आठवेनात. बाई थांबल्या, आठवण करून दिली नाही. मग काका डावीकडे, ज्याच्याशी सकाळपासून ते एक शब्दही बोलले नव्हते त्या ब्राझीलच्या तरुणाकडे वळले, मान झुकवली आणि म्हणाले, 'तुमच्या आधी घेतो हं.' त्या मुलाला मराठीचे अक्षर येत नव्हते. त्यानेही मान झुकवली.